गोधडीसारखं उचललं गेलेलं लॉन: पुण्यातल्या एका अंगणाची दुरुस्ती, सप्टेंबर २०२३ ते मे २०२५

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातला स्वतंत्र बंगला. समोरचं अंगण १२ मीटर बाय साडेआठ मीटर, म्हणजे १०२ चौरस मीटर. नर्सरीवाल्यांच्या हिशोबात अकराशे स्क्वेअर फूट. एका लांब बाजूला व्हरांडा, नैऋत्य कोपऱ्यात जुना आंबा, कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा कडुनिंब. पाणी बोअरचं. घरात निवृत्त जोडपं, मुलगी आणि एक कुत्रा. माळीकाका आठवड्यातून दोनदा यायचे.

लॉन बसवलं जून २०२२ मध्ये, बंगल्याचं काम संपल्या संपल्या. बांधकामाचा राडारोडा अंगणातच पसरून वर मुरूम टाकला होता आणि रोलर फिरवला होता. त्यावर दोन इंच लाल माती आणि वर ‘सिलेक्शन वन’ या हरळीच्या जातीचे तयार तुकडे. असे तुकडे चिकणमातीच्या शेतात वाढवतात, कारण ती माती मुळांना धरून ठेवते आणि टेम्पोतून नेताना तुकडा फाटत नाही. नर्सरीच्या सोयीची ही माती पुढे घरमालकाची डोकेदुखी होते. लाल मातीवर चिकणमातीचा बोटभर थर बसतो, पाणी त्या थरातच अडकतं आणि मुळंही तिथेच रेंगाळतात.

पहिलं वर्ष मात्र झकास गेलं. नवं लॉन नेहमीच झकास दिसतं, ते नर्सरीतून खाऊन-पिऊन आलेलं असतं. स्प्रिंकलरला टायमर लावलेला होता: सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, बारा महिने. कापणी पंधरा-वीस दिवसांनी, माळीकाकांच्या फिरत्या मशीनने, सहा-सात सेंटिमीटर वाढलेलं गवत एका फटक्यात दोनवर आणून.

तक्रार काय होती

ऑगस्ट २०२३ मध्ये व्हरांड्यासमोर पिवळे डाग दिसू लागले. तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा सगळ्यांनी एकच निदान केलं. “साहेब, पाऊस नाही, पाणी कमी पडतंय. दोन टाइमचं तीन टाइम करू,” माळीकाका म्हणाले आणि तसं केलंही. शिवाय महिन्यात दोनदा दोन-दोन किलो युरिया पडला. शंभर चौरस मीटरला एका वेळी एक किलो युरिया पुरतो (त्यातून चौरस मीटरला साडेचार-पाच ग्रॅम नत्र मिळतं). इथे प्रत्येक वेळी त्याच्या दुप्पट गेला.

डाग आठवडाभर हिरवे झाल्यासारखे वाटले, मग पसरले. सप्टेंबरअखेर साधारण १६ चौरस मीटर गवत वाळलं होतं. साळुंक्या दिवसभर तिथेच टोचत बसायच्या. कुत्र्याने एका डागाशी उकरलं, तेव्हा गवताचा हातभर तुकडा गोधडीसारखा वर आला. खाली मुळंच नव्हती.

माळीकाकांचा संशय वाळवीवर होता. नर्सरीवाल्याचा सल्ला होता ट्रॉलीभर शेणखत टाकून सगळं नव्याने बसवायचा. घरातली अडचण वेगळीच होती: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीचा साखरपुडा आणि तो याच अंगणात.

खणून काय निघालं

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, काहीही टाकण्याआधी अंगण पाच ठिकाणी उघडून पाहिलं. पद्धत साधी आहे. फूट बाय फुटाचा चौकोन आखायचा, फावड्याने तीन बाजू चार इंच खोल कापायच्या, चौथ्या बाजूवर बिजागरीसारखा पलटायचा, खालची माती चाळून अळ्या मोजायच्या आणि तुकडा परत दाबून पाणी घालायचं. चौकोन डागाच्या मधोमध घेतला तर फसगत होते. तिथलं खाणं संपल्यामुळे अळ्या पुढे सरकलेल्या असतात. पिवळं आणि हिरवं जिथे भेटतं तिथे खणायचं.

डागांच्या कडांवर तीन चौकोनांत नऊ, अकरा आणि सात अळ्या निघाल्या. निरोगी दिसणाऱ्या भागात एक आणि शून्य. पांढरट, इंग्रजी ‘सी’सारखी वाकडी, तपकिरी डोक्याची, शेपटाकडे मळकट काळसर: हुमणी. ऊस आणि भुईमुगाचं नुकसान करते तीच. चौरस फुटाला पाचाच्या वर हुमणी असेल तर उथळ मुळांचं लॉन टिकत नाही. वाळवीचे मातीचे बोगदे कुठेच दिसले नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तर औषध मारून प्रकरण मिटलंसं वाटलं असतं. पण हुमणी शेजारच्या बागेतही होती आणि तिथलं गवत उभं होतं. मग आणखी तीन तपासण्या झाल्या.

आठ मिलिमीटरची सळई हाताने मातीत दाबली. व्हरांड्याजवळ ती चार-पाच सेंटिमीटरवर टक्कन थांबली, आंब्याखाली बारापर्यंत गेली. जिवंत गवताची मुळं मोजली तर जेमतेम तीन सेंटिमीटर. इतक्या तोकड्या मुळांवर चार अळ्यासुद्धा भारी पडतात. दहा सेंटिमीटर मुळं असलेलं गवत त्याच अळ्या पचवून टाकतं.

दुसरी तपासणी पाणी मुरण्याची. १६० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा ठोकून आत साडेचारशे मिली पाणी ओतलं. त्या घेरात ते साधारण २५ मिलिमीटर पावसाएवढं होतं. व्हरांड्याजवळ ते मुरायला दोन तास दहा मिनिटं लागली, आंब्याजवळ चाळीस मिनिटं.

तिसरी स्प्रिंकलरची. लॉनवर नऊ स्टीलचे डबे ठेवून दहा मिनिटं पाणी सोडलं. (श्रीखंडाचे डबे नकोत, ते खाली निमुळते असतात आणि माप चुकतं, कडा सरळ हव्यात.) डब्यांत दोन ते सात मिलिमीटर पाणी साठलं, सरासरी साडेचार. म्हणजे काही भागाला दुसऱ्या भागाच्या तिपटीहून जास्त पाणी मिळत होतं, आणि सगळ्यांना रोज थोडंथोडं. रोज वरचे दोन इंच ओले राहिले तर मुळं खाली जातीलच कशाला? हुमणीच्या भुंगेऱ्यालाही अंडी घालायला ओलसर, मऊ माती लागते. आजूबाजूचं रान कोरडं आणि हे एकच अंगण टायमरवर ओलं: आमंत्रणच ते.

माती तपासणीत सामू (पीएच) ८.२ आला आणि सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) नऊशेच्या घरात.

पर्याय आणि त्यांचा हिशोब

*सगळं उखडून नवं बसवणं.* खर्च पस्तीस हजारांच्या आसपास आणि साखरपुड्याला अंगण हिरवंगार दिसेल, हे आकर्षण मोठं. पण ऑक्टोबरमध्ये अळ्या मातीतच, पूर्ण वाढलेल्या आणि भुकेल्या असतात. शिवाय नोव्हेंबरपासून पुण्याच्या रात्री थंडावतात; हरळी वर्गातलं गवत तेव्हा मंदावतं आणि नवी मुळं नीट धरत नाही. खालचा राडारोडा तर तसाच राहणार. कच्चं शेणखत हा आणखी धोका, त्यातून भुंग्यांच्या अळ्या घरपोच येतात.

*क्लोरपायरीफॉसची आळवणी.* म्हणजे कीटकनाशक पाण्यात मिसळून मातीत ओतणं. माळीकाकांची पसंती यालाच. पण ऑक्टोबरमधली हुमणी तिसऱ्या अवस्थेतली, बोटाएवढी जाड. औषध वरच्या वाळक्या थरातच अडकतं आणि मोठ्या अळ्यांवर त्याचा जोरही कमी पडतो. अंगणात कुत्रा, अळ्या टिपणाऱ्या साळुंक्या आणि कोपऱ्यात बोअर. हा पर्याय बाद केला, आणि तो निर्णय योग्यच होता असं आजही वाटतं.

*कृत्रिम गवत किंवा पेव्हर.* यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. प्लास्टिकच्या गवतावर एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि कुत्र्याचा वास त्यात बसतो. घरमालकीण काकूंनी नकार दिला, विषय संपला.

*तात्पुरती डागडुजी आत्ता, खरी दुरुस्ती उन्हाळा-पावसाळ्यात.* शेवटी हेच ठरलं, एका भरीसह: आंब्याखालच्या १४ चौरस मीटरवर लॉन ठेवायचंच नाही. तिथे जेमतेम तीन तास ऊन यायचं. हरळीला सहा तास तरी हवं. दरवर्षी तिथे नवे तुकडे लावण्यात पैसे घालवण्यापेक्षा जागा सोडून देणं शहाणपणाचं.

ऑक्टोबर ते जानेवारी: डागडुजी

वाळलेला भाग गुंडाळून बाजूला काढला. खालची माती कुदळीने वीतभर उलटली, दिसतील तेवढ्या अळ्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकल्या. साधारण १८० भरल्या. उलटलेली माती दोन दिवस उघडी ठेवली, उरलेलं काम साळुंक्यांनी केलं.

मग संपूर्ण लॉनवर मेटारायझियम, म्हणजे हुमणीवर वाढणारी बुरशी. २०० ग्रॅम पावडर २० किलो चाळलेल्या कंपोस्टमध्ये मिसळून, संध्याकाळी, ओल्या मातीवर, वर हलकं पाणी. उन्हात टाकली तर बुरशीचे बीजाणू मरतात, आणि पंधरवड्यात बुरशीनाशक फवारलं तर सगळी मेहनत वाया. एवढ्या मोठ्या अळ्यांवर तिचा परिणाम अर्धामुर्धाच होतो हे माहीत होतं; पुढच्या पावसाळ्यासाठी मातीत बीजाणू राहावेत हा हेतू.

व्हरांड्यासमोरच्या ठळक दिसणाऱ्या सहा चौरस मीटरसाठी नवे तुकडे आणले. लावण्याआधी प्रत्येक तुकडा टबात बुडवून चिकणमाती धुऊन काढली. काम किचकट, दोन माणसांचा अर्धा दिवस गेला, पण उघडी मुळं थेट खालच्या मातीला भिडली आणि तीन आठवड्यांत तुकडे ओढूनही उचलले जाईनात. उरलेल्या दहा चौरस मीटरवर गेटजवळच्या निरोगी पट्ट्यातून काढलेले तीन इंची ठोंब १५ सेंटिमीटरवर लावले. चौरस मीटरला ४४, एकूण सव्वाचारशेच्या वर. ते डिसेंबरपर्यंत निम्मेच भरले. तिथे शामियान्याच्या खुर्च्या मांडायच्या, असं आधीच ठरलं होतं.

समारंभासाठी काही गोष्टी मंडपवाल्याला लिहून दिल्या: तीन दिवस आधी पाणी बंद, म्हणजे जमीन टणक राहते आणि खुर्च्यांचे पाय रुतत नाहीत, गालिचा त्याच रात्री उचलायचा, खुंट्यांची भोकं वाळूने भरायची. हे सगळं पाळलं गेलं. लिहून द्यायचं राहिलं ते केटररचं. त्याने जिलेबीची शेगडी थेट गवतावर मांडली. परातीएवढा काळा गोल पडला आणि भोवती तेल मुरलं. जळलेलं गवत मुळांतून परत फुटतं. तेलकट माती मात्र चार इंच खणून बदलावी लागली.

जानेवारीत लॉन फिकट, थोडं तपकिरी दिसत होतं. घरमालक अस्वस्थ झाले, युरिया द्यायचा का विचारू लागले. थंडीत मंदावलेल्या गवताला युरिया म्हणजे झोपलेल्याला जेवायला उठवणं. दिला नाही. पाणी चार-पाच दिवसांनी एकदा, साधारण १२ मिलिमीटर. कापणी तीन आठवड्यांनी.

फेब्रुवारी ते मे २०२४: जमिनीचं काम

फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री उबदार झाल्या, गवत हललं. लोखंडी दाताळ्याने उभं-आडवं ओढून वाळका थर काढला (सहा पोती निघाला), उंची दोन सेंटिमीटरवर आणली, एक किलो युरिया दोन भागांत उलटसुलट दिशांनी फेकला आणि लगेच पाणी दिलं. युरियाचा दाणा ओल्या पानाला चिकटून राहिला की तिथे भाजल्यासारखा ठिपका पडतो; म्हणून फेकताना गवत कोरडं हवं, फेकल्यावर पाणी.

मार्चमध्ये कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली. नत्राची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते. नव्या पानांवर अशी दिसली की लोह समजायचं, आणि ८.२ सामूच्या मातीत ते अपेक्षितच. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून सकाळी फवारलं. चार दिवसांत गवत गर्द झालं आणि व्हरांड्याच्या पायरीवरची शहाबादी फरशी गंजाच्या ठिपक्यांनी भरली. फवारणीआधी फरशीवर ताडपत्री टाकायला हवी होती. डाग पुरते गेलेच नाहीत.

मुख्य काम मे महिन्यात, जमीन कोरडी असताना. व्हरांड्यालगतच्या नऊ बाय दोन मीटरच्या पट्ट्यातलं गवत तुकड्यांनी कापून सावलीत ओल्या पोत्यांखाली ठेवलं, खालचा राडारोडा १५ सेंटिमीटर खणून काढला. जवळजवळ एक ब्रास (शंभर घनफूट) निघाला: विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, टाइलच्या कपच्या, एक अख्खी करणी. त्याच पट्ट्यात नऊ मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद, ४५ खोल चर घेतला. तळाला मीटरला एक सेंटिमीटर उतार, जिओटेक्स्टाइलचं (पाणी झिरपू देणाऱ्या कापडाचं) अस्तर, छिद्रं असलेला चार इंची पाइप, भोवती २० मिलिमीटरची खडी, वर कापड दुमडून दहा सेंटिमीटर जाड वाळू. पाइपचं तोंड पावसाळी पाण्याच्या चेंबरमध्ये. उतार दोरी आणि पाण्याच्या लेव्हल ट्यूबने तपासला. डोळ्यांवर विसंबलं तर मधे पाइप बसतो आणि तिथेच गाळ साठतो.

या कामातला सर्वात नाजूक निर्णय वाळूचा होता. नदीची वाळू महाग आणि मिळणं मुश्कील, म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू मागवली. पहिल्या गाडीतली मूठभर वाळू पाण्याच्या बाटलीत घालून हलवली आणि तासभर ठेवली. वर दोन बोटं गढूळ दगडी पीठ बसलं. ही वाळू चिकणमातीत मिसळली की जमीन मोकळी होण्याऐवजी सिमेंटसारखी आवळते. गाडी परत पाठवली. पुरवठादाराशी वाद झाला, चार दिवस गेले, वाहतुकीचे पैसे बुडाले. दुसऱ्या वेळी धुतलेली क्रश सँड आली, बाटलीत पिठाची जेमतेम रेघ. खणलेल्या पट्ट्यात सहा भाग ही वाळू, तीन भाग चाळलेली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट असं मिश्रण भरलं, पायांनी तुडवून बसवलं आणि गवत परत लावलं.

मेच्या मध्यावर वळवाचा पाऊस झाला. त्याच संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कडुनिंबाभोवती तपकिरी भुंगेरे घोंगावू लागले. हुमणीचे प्रौढ पहिल्या पावसानंतर जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर पाला खातात, तिथेच जोड्या जमतात आणि मग माद्या मातीत शिरून अंडी घालतात. शेजाऱ्यांना सांगून रोज रात्री आठला बांबूने फांद्या झोडल्या, खाली पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात. शिवाय लॉनपासून लांब, कुंपणाशी एका बल्बखाली पाण्याचं घमेलं. हे आठ-दहा रात्री केलं. पोरखेळ वाटतो, पण एक मादी मारली की पुढच्या डझनांनी अळ्या टळतात.

पावसाळा २०२४

जूनमध्ये जमीन भिजल्यावर उरलेल्या लॉनमध्ये पोकळ नळीच्या हातयंत्राने भोकं पाडली: १२ मिलिमीटर व्यासाची, आठ-दहा सेंटिमीटर खोल आणि तेवढ्याच अंतरावर. दोन माणसांना पूर्ण दोन दिवस लागले. निघालेल्या मातीच्या गुंडाळ्या गोळा करून फेकल्या, कारण तीच ती चिकणमाती. भोकांत धुतलेली वाळू झाडूने लोटली. नुसत्या काट्याने टोचलेली भोकं आठवड्यात मिटतात आणि भोवतीची माती उलट दाबली जाते; माती बाहेर निघायला हवी.

जूनअखेर आणि जुलैच्या मध्यावर मेटारायझियम दोनदा दिलं. हीच त्याची खरी वेळ, अळ्या तेव्हा तांदळाएवढ्या आणि मुळांजवळ असतात.

निचऱ्याची परीक्षा २५ जुलैला झाली. त्या दिवशी पुण्यात धो धो पाऊस पडून नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. व्हरांड्यासमोर पूर्वी एवढ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत तळं असायचं. या वेळी सर थांबल्यावर दोन तासांत पाणी ओसरलं.

ऑगस्टमध्ये मात्र रुपयाच्या नाण्याएवढे वाळक्या गवताच्या रंगाचे ठिपके उमटले. बुरशी. कारण शोधलं तर टायमर! पावसाळ्यातही संध्याकाळचं पाणी चालूच होतं, कुणी बंदच केलं नव्हतं. रात्रभर पानं ओली. टायमर बंद केला, सकाळी बांबूच्या काठीने दव झटकलं, ओलं असताना कापणं थांबवलं आणि मशीनच्या पात्याला धार लावली (बोथट पात्याने टोकं फाटून पांढरी पडतात आणि बुरशीला दार मिळतं). तीन आठवड्यांत ठिपके भरले. बुरशीनाशक घेतलं नाही, घेतलं असतं तर मेटारायझियमही मेलं असतं.

याच महिन्यांत घरमालकांनी सिलिंडरचं हाताने ढकलायचं मशीन घेतलं आणि कापणी पाच-सहा दिवसांवर आणली, उंची तीन सेंटिमीटर. एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही हा नियम पंधरवड्याने मशीन आणणाऱ्या माळ्याला पाळताच येत नाही, मशीन येईपर्यंत गवत गुडघ्याकडे निघालेलं असतं. माळीकाकांना हे आधी खटकलं. आता ते खत, छाटणी आणि कुंड्या बघतात.

निकाल

सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच पाच ठिकाणी चौकोन उघडले. हुमणी एक, शून्य, दोन, शून्य, एक. व्हरांड्याजवळ सळई बारा सेंटिमीटर गेली, मुळं नऊपर्यंत पोचली होती. पाइपमधलं २५ मिलिमीटर पाणी ४५ मिनिटांत मुरलं.

पाण्याचा फरक एप्रिल २०२५ मध्ये मोजला. आधी रोज सरासरी नऊ मिलिमीटर पडायचं, १०२ चौरस मीटरवर महिन्याला साडेसत्तावीस हजार लिटर. आता लॉन ८८ चौरस मीटर, पाणी दर तिसऱ्या दिवशी पहाटे १४ मिलिमीटर. महिन्याचं सव्वाबारा हजार लिटरच्या आसपास. गवताला पाणी कधी द्यायचं हे टायमर ठरवत नाही. चालल्यावर पावलांचे ठसे उमटून राहिले आणि रंग निळसर राखाडी झाला, की दुसऱ्या पहाटे.

आंब्याखाली खडी, चार पावठण्या आणि क्लोरोफायटमचे (स्पायडर प्लांटचे) गड्डे आहेत. जमलं नाही ते लव्हाळ्याचं. लाल मातीबरोबर आलेल्या त्याच्या गाठी मुळांसारख्या तुटत नाहीत, उपटलं की खालची गाठ दोन कोंब काढते. गेटजवळची तीन चौरस मीटरची जागा वीतभर खणून, माती चाळून गाठी वेचल्या, तरी दोन महिन्यांत तिकोनी दांडे परत वर आले. हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक त्यावर चालतं, पण आपल्याकडे ते उसासाठी विकलं जातं आणि शंभर चौरस मीटरला त्याची मात्रा एक ग्रॅमही भरत नाही. स्वयंपाकघरातल्या चमच्याने मोजायची ती गोष्ट नव्हे. सध्या खणणंच चालू आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला डाग दिसला त्या दिवशी एक चौकोन उलटला असता तर अळ्या निम्म्या आकाराच्या सापडल्या असत्या आणि जैविक उपाय वेळेत बसला असता. कोरड्या ऑगस्टमुळे निदान इतकं उघड वाटलं की कुणी फावडं उचललंच नाही. पाणी वाढवूनही आठवड्यानंतर डाग पसरलेच, हीच खूण होती: तहानलेलं गवत पाणी मिळालं की दोन दिवसांत उठतं, मुळं खाल्लेलं उठत नाही.

राडारोड्याचा निर्णय तर २०२२ चा. तेव्हाच ठेकेदाराच्या मागे लागून वीतभर जमीन मोकळी करून घेतली असती तर मजुरीत आठ-दहा हजार वाढले असते. नंतर चर, वाळू, मजुरी आणि नवं गवत धरून अठ्ठेचाळीस हजार गेले.

भोकं पाडण्याचं काम फेब्रुवारीअखेर करायला हवं होतं की जूनमध्ये, यावर मतभेद राहतील. फेब्रुवारीत केलं असतं तर गवताला वाढीचे तीन महिने मिळाले असते, पण एप्रिलमध्ये बोअरचं पाणी उतरतं आणि उघड्या भोकांचं गवत लवकर वाळतं. पाण्याची खात्री असेल तिथे फेब्रुवारी, नसेल तिथे जून.

आणि तारखांचं. २०२५ मध्ये मान्सून मे संपायच्या आतच राज्यात पोचला. मेटारायझियमची पाकिटं मात्र १५ जूनला आणायची असं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेलं होतं, आणि भुंगेरे महिनाभर आधीच कडुनिंबावर घोंगावून गेले होते. ती तारीख आता खोडली आहे. मे महिन्याच्या पानावर काकूंच्या अक्षरात लिहिलंय: ‘पहिला वळीव + ४ आठवडे. पाकिटाची एक्सपायरी बघणे.’